रांजणाची नडगी

कारखान्याच्या खानावळीतला आचारी अंगानं एवढा, की सगळे त्याला रांजण म्हणायचे. त्याचं त्याला काही वाटत नसे. वाटायचं ते नडगीवरच्या जखमेचं. उकळतं पाणी सांडून भाजलं होतं. महिने उलटले तरी भरायचं नाव घेईना. बायको रोज पट्टी बदलायची आणि वासानं तोंड फिरवायची. जखम हाडाला भिडली तर पाय जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. मग एका पायावर भट्टीपुढं उभं कोण राहणार?

"फाजील चरबी गुमान पडून राहत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "आतल्या आत धुमसते. अंगाचे राखणदार तिथंच धावत सुटतात, मग जखमेकडं धड कोण बघणार? दुपार ते संध्याकाळ एवढ्याच वेळात खा. बाकीचा वेळ पाण्याशिवाय काही नको. गुण सगळ्यांना सारखा येत नाही, पण रक्त तपासत राहू. औषध, पट्टी चालूच ठेवा."

रांजणानं नाश्ता सोडला, रात्रीचं जेवण सोडलं. जखम मात्र ढिम्म.

एका सकाळी त्याचा विसरलेला चष्मा घेऊन बायको खानावळीत आली. बघते तर स्वारी पातेल्यापाशी. तळहातावर रस्सा घेऊन फुर्र करून ओढतेय.

"हे काय चाललंय?"

"चव बघतोय. खातोय कुठं?"

"ती चव पोटात जात नाही, खिशात जाते होय?"

रांजणानं हातातल्या पळीकडं बघितलं. पहाटेपासून दर पातेल्याला पळीभर. आचाऱ्याला ते खाणं वाटतच नाही. पण जिभेवर तर त्याची सगळी आचारकी उभी. ती सोडायची म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणं. तरी त्यानं पळी खाली ठेवली.

त्या दुपारी कामगारांनी विचारलं, "मामा, रश्शात समुद्र आटवून घातलात का?" रांजणानं खाली मान घालून भात वाढला. मग हळूहळू तो वासावर आणि रंगावर रांधायला शिकला. सकाळी पोट कुरकुरायचं, डोकं भणभणायचं, बायकोवर उगाच खेकसायचा. तीही ऐकून घेणारी नव्हती.

पुढच्या तपासणीत बाईंनी रक्ताचा कागद दोनदा वाचला. आतली धग उतरणीला लागली होती.

आणि एका सकाळी बायकोनं पट्टी सोडली, तर वास नाही. तिनं पुन्हा हुंगलं. नाही. जखमेच्या कडेनं गुलाबी, पातळ कातडी सरकत आली होती, दुधावर साय धरावी तशी. मधे नखाएवढंच लाल उरलेलं.

"ही कुठनं आली गं?" रांजणानं हळूच विचारलं.

"मला काय विचारता? अंग तुमचं."

आयुष्यभर त्यानं हजारो माणसं पोसली. खायला घातल्याशिवाय काही वाढत नाही, हीच त्याची समजूत. आणि इथं तो उपाशी झोपलेला असताना कुणीतरी आत बसून टाके घालत होतं. बोट लावायची त्याची छाती होईना.

"बांधू का? कामाला उशीर होतोय."

"थांब जरा," तो म्हणाला. "बघू दे."