सासूबाईंची परीक्षानळी

माझ्या सासूबाईंचा पूर्ण विश्वास बसेल अशी एकही वस्तू परमेश्वराने निर्माण केली नव्हती, आणि केली असती तर त्यांनी ती आधी उलटी करून, वास घेऊन पाहिली असती. बेंगळूरला बसवनगुडीत आमचं घर. गवळी गाय दारात आणून डोळ्यांदेखत धार काढायचा, तरी सासूबाई त्याचं भांडं पालथं करून तळाशी पाणी नाही ना ते बघत आणि त्याला बाह्या वर करायला लावत. रेडिओवर वेळ सांगितली की त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणत, "आज रेडिओ स्वल्प मागे आहे." मला बघायला सोलापूरला आल्या तेव्हा गजरा माळण्याच्या निमित्ताने पाठीमागे जाऊन त्यांनी माझी वेणी चांगली ओढून पाहिली होती. केस माझेच आहेत याची खात्री पटल्यावर "सरी, ठीक, मुलगी बरी आहे," एवढंच म्हणाल्या. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना अक्का आणि सासऱ्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

अण्णांचा मधुमेह डॉक्टरांनी नंतर ओळखला. आधी तो पकडला अक्कांनी, आणि तोही चुकीच्या कलमाखाली. अठ्ठावन्न साल असावं. न्हाणीघराच्या मोरीशी मुंग्यांची रांग लागू लागली. कोणीतरी आत बसून चोरून मिठाई खातं असा अक्कांनी तर्क बांधला आणि संशय अर्थातच सुनेवर घेतला. आठ दिवस मी न्हाणीतून बाहेर आले की माझे हात हुंगले जात. मुंग्या नेमक्या कशावर जमतात हे शेवटी त्यांच्याच ध्यानात आलं, आणि अण्णा हल्ली तांब्यावर तांबे पाणी का पितात, चपलेने झालेली अंगठ्याची जखम महिनाभर का भरत नाही, याचाही उलगडा झाला. डॉक्टर म्हणाले, साखर पूर्ण बंद करा. जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल, पुढे पाऊलही. अक्का तिथून तडक निघाल्या. घरी आल्या, साखरेचा डबा उचलला आणि शेजारणीला देऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारणीवरही नजर ठेवू लागल्या.

तेव्हा लघवीतली साखर घरीच तपासत. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, मग पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर परिस्थिती कठीण. हे काम अक्कांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. रोज सकाळी आंघोळीच्या आधी मागच्या अंगणात त्या नाकाला पदर लावून बसत. औषधात भेसळ असेल म्हणून दोन वेगळ्या दुकानांतून दोन बाटल्या आणल्या होत्या. पण दोन्ही बाटल्यांची साक्ष एकच असायची. रोज लाल, फार तर नारिंगी.

"मी काही खाल्लं नाही गं," अण्णा म्हणत. ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांचा आवाज फायलीच्या बाहेर कधी येत नसे.

"नळी खोटं बोलते का?" अक्का विचारत. आयुष्यात त्यांनी एकाच वस्तूवर विश्वास टाकला, तोही अशा वेळी!

मग तपास सुरू झाला. देवळात पुजाऱ्याने पंचामृत दिलं तर ते अण्णांच्या हातातून अक्कांच्या हातात जाई. अण्णा संध्याकाळी फिरायला निघाले की वीस पावलं मागे नऊवारी सावरत अक्का निघत, आणि एखाद्या हॉटेलाच्या दारात ते चपलेचा पट्टा नीट करायला जरी थांबले तरी तिथल्या मालकाची उलटतपासणी होई. इतकं करूनही नळी लाल ती लालच. अक्कांचं जेवण तुटलं. समोरचं ताट तसंच ठेवून त्या अण्णांच्या अंगठ्याकडे बघत बसत. मला त्यांचा रागही येई आणि त्यांना पोटाशी धरावं असंही वाटे.

असाच पंधरवडा गेल्यावर अण्णांनी एक दिवस कबुली दिली. "कचेरीत रावांना बढती मिळाली. त्यांनी पेढा दिला. एकच खाल्ला." अक्का कडाडल्या, पण तास-दोन तासांनी जेवल्या. पुढे दर दोन-तीन दिवसांनी कबुली येऊ लागली. कधी म्हैसूरपाक, कधी बारशाची जिलबी. अक्का मात्र एके दिवशी थेट रावांच्या घरी जाऊन, "माझ्या यजमानांना पेढा का दिलात?" म्हणून भांडून आल्या. राव बिचारे गोंधळले. त्यांना बढती मिळालीच नव्हती. दोघं संगनमताने खोटं बोलतात, असा निष्कर्ष अक्कांनी काढला.

अशात येलहंक्याला दिलेली माझी नणंद बाळंत झाली आणि अक्कांना आठवडाभर तिकडे जावं लागलं. एरवी स्वयंपाक त्या सोवळ्यात स्वतःच करत. आता चूल माझ्या ताब्यात आली, आणि नळीही. "खरा रंग लिहून ठेव हं," असं तीनदा बजावून त्या गेल्या. मी माझ्या माहेरच्या पद्धतीने रांधलं, तिखट आणि काळा मसाला घालून. कॉफी मला जमत नसे, म्हणून सकाळी ताक दिलं. अण्णा निमूटपणे जेवत. तिसऱ्या दिवशी नळी पिवळी झाली, पाचव्या दिवशी हिरवी. सातव्या दिवशी ती निळीच राहिली तेव्हा माझाच विश्वास बसेना.

अक्कांचा तर मुळीच बसला नाही. "थेंब कुणाचे टाकलेस? तुझे?" त्यांनी दुसऱ्या बाटलीतून पुन्हा तपासलं. निळं. मग त्या सोवळं नेसून चुलीपुढे बसल्या, आमटीला फोडणी दिली आणि नेहमीसारखा गुळाचा खडा टाकला. भाजीत टाकला, कोशिंबिरीत टाकला. साखर बंद झाल्यापासून अण्णांची कॉफीही गुळाचीच असे, आणि जखम भरायला अंगात शक्ती हवी म्हणून खडा चांगला मोठा असे. दुपारची नळी नारिंगी झाली. त्या दिवशी अण्णा रजेवर होते, घराबाहेर पडलेच नव्हते.

"अक्का," मी चाचरत म्हटलं, "मी गूळ घातला नव्हता."

"गूळ म्हणजे काय साखर?" त्या म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. सहा महिने मीही त्यांच्या हातातला तो खडा रोज बघत होते आणि मलाही काही सुचलं नव्हतं. गूळ आमच्या लेखी मिठासारखा, चवीचा. डॉक्टरांनी साखर म्हटलं, आम्ही साखर बंद केली.

अक्का उठून ओसरीवर गेल्या. अण्णा पेपर वाचत होते. "तो पेढा? तो म्हैसूरपाक?"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "नव्हता खाल्ला."

"मग कबूल का केलंत?"

"कबूल केलं की तू जेवायला बसायचीस," अण्णा म्हणाले.

अक्कांनी दाराची चौकट धरली आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शंका घ्यायला अख्खं बेंगळूर पडलं होतं, फक्त स्वतःच्या हातावर ती घ्यायची राहिली होती.

अंगठा वाचला. अण्णा पुढे बरीच वर्षं जगले. आज दोघंही नाहीत, आणि दारात आता कोणी गवळ्याचं भांडं पालथं करून बघत नाही याचं मला वाईट वाटतं. पण मला आठवतं ते अक्का रडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचं जेवण. अक्कांनी जन्मात पहिल्यांदा बिनगुळाची आमटी केली होती. त्यांना ती अजिबात जमली नव्हती. नुसतं आंबट, तिखट पाणी. अण्णांनी भात कालवला, घास तोंडात घातला, आणि त्यांचे डोळे क्षणभर मिटले.

"कशी झालीय?" अक्कांनी विचारलं.

"फार छान," अण्णा म्हणाले.

अक्कांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आता उलटतपासणी होणार म्हणून मी खाली मान घातली.

"मग अजून वाढते," अक्का म्हणाल्या, आणि पळी घेऊन वाकल्या.