नानांची मागची चाकं

नाना गाडीकडे नेहमी मागून यायचे. गिऱ्हाईक बॉनेटपाशी उभं राहून तक्रार सांगत असायचं आणि नाना त्याला वळसा घालून डिकीकडे पोचलेले असायचे. जमिनीवर पुठ्ठ्याचा तुकडा टाकायचा, त्यावर एक गुडघा टेकायचा आणि मागच्या टायरच्या खाचेत अंगठा घालायचा. पुढच्या चाकांची पाळी त्यानंतर. बहारीनमधल्या मआमीरच्या टायरच्या दुकानात मी त्यांना एकोणीस वर्षं पाहिलं, एक वेळ सोडली तर हा क्रम कधी बदलला नाही.

ते खेडकडचे, मी वसईचा. उम्म अल हस्समच्या माझ्या घराजवळ टायरची दोन दुकानं आहेत, तरी मी मआमीरला जायचो, याचं कारण चार आकडे. प्रत्येक टायरच्या कडेवर ते असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. नाना ते आकडे गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचे. माल जुना असला की दुकानाचा बहारीनी मालक आतून ओरडायचा, "नाना, खलास!" म्हणजे पुरे. नाना तेवढ्यापुरते गप्प बसायचे. मग मला हळूच सांगायचे, "इथल्या उन्हात रबर म्हातारं होतं, साहेब. दिसायला तरणं, आतून गेलेलं."

मी गाडीत वही ठेवतो. किलोमीटर, हवेचा दाब, टायरची खाच किती मिलिमीटर उरली, सगळं तारखेसह लिहितो. नाना ती वही बघून म्हणायचे, "तुमची गाडी पेट्रोलवर नाय चालत, वहीवर चालते."

आमचं एकदाच वाजलं. माझी गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजले. पुढे तीन मिलिमीटर, मागे साडेपाच. मी दोन नवे घेतले आणि पुढे बसवा म्हणालो. नाना म्हणाले, नवे मागे जातील, मागचे पुढे येतील. मी वही उघडून त्यांना झीज दाखवली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, मग दुसऱ्याकडून बसवून घ्या.

"पुढची चाकं गाडी ओढतात, साहेब. पुढची घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते."

मी ऐकलं. त्या हिवाळ्यात दोन दिवस पाऊस झाला. इथे रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ साचलेली असते, तीन थेंब पडले तरी गाड्या घसरतात. पुढच्या खेपेला नानांनी विचारलं, काही झालं का? काही नाही, मी म्हणालो. "मग बरोबर बसवलेत," ते म्हणाले. काही न होणं हा पुरावा कसा, असा वाद मी घातला. ते हसले आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. मागून.

माझा मुलगा जोएल ईसा टाउनच्या शाळेत असताना त्याच्या सायकलचं पंक्चर नानाच काढायचे. नाना त्याच्याशी मराठी बोलत, तो इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं छान चालायचं. पुढे जोएल शिकायला कॅनडाला गेला. तिथे त्याने जुनी गाडी घेतली, तीही पुढच्या चाकांनी ओढणारी. नोव्हेंबरात त्याचा फोन आला. बर्फाचे टायर घ्यायचे होते. त्याच्या मापाचे दोनच शिल्लक होते, उरलेले दोन यायला तीन आठवडे लागणार होते. थांबू की दोन पुढे बसवू, असं तो विचारत होता.

मी मआमीरला गेलो. नानांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, पण उत्तर द्यायची त्यांनी घाई केली नाही. कॅनडाहून आलेल्या एका जुन्या गाडीचे बर्फाचे टायर त्यांनी पूर्वी काढले होते, त्यातल्या एकाचा तुकडा त्यांच्याकडे होता. तो आणि साध्या टायरचा एक तुकडा त्यांनी शेजारच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, फ्रीजरमध्ये ठेवला, आइस्क्रीमच्या खाली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून दोन्ही माझ्या हातात दिले. बर्फाच्या टायरचा अंगठ्याने दबत होता. साधा कौलासारखा कडक.

"पुढे हा आणि मागे हा लावणार? पोराला सांगा, चार मिळेपर्यंत गाडी काढू नको. बसने जा."

घरी येऊन मी माझा हिशोब केला. इंजिन पुढे, वजन पुढे, ओढ पुढे. कॉलेज जवळ. दोन चांगले टायर नसण्यापेक्षा असलेले बरे. मी जोएलला म्हणालो, दोन पुढे बसव, बाकीचे आले की मागे बसव.

दोनच दिवसांनी नानांचा फोन आला. "चारच बसवले ना?"

"चार. दुसऱ्या दुकानात मिळाले," मी म्हणालो. माणसाने दोन तुकडे रात्रभर गारठवून माझ्या हातात दिले होते, मला लाज वाटली. तीन आठवड्यांत चार होणारच होते.

सोळाव्या दिवशी एका उतारावर जोएलने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी मागून फिरली. समोरून ट्रक येत होता. त्याच्या मित्राने पाठवलेल्या फोटोत मागचं एक चाक वर आलेलं दिसतं. मी तो फोटो मोठा करून पाहिला. साधा टायर. चार आकडेही वाचता आले. ते मी वहीत लिहिले नाहीत.

जोएल गेल्याचं कळल्यावर नाना घरी आले. माझ्या बायकोजवळ थोडा वेळ बसले. निघताना जिन्यात माझा हात धरून म्हणाले, "चारही होते ना, साहेब?"

मी हो म्हणालो. वर दार उघडं होतं, ती आत बसलेली होती.

"मग मी तुम्हाला खोटंच सांगत आलो इतकी वर्षं," ते म्हणाले.

त्यानंतर दुकानात त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. गिऱ्हाईक पुढे म्हणालं की पुढे, मागे म्हणालं की मागे. मालक खूश होता. मला एकदा म्हणाला, नाना आता शहाणा झाला.

व्हिसा संपला आणि नाना गावी गेले. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. अकरा महिने होता. सांगायचं वाक्य चार शब्दांचं होतं: नाना, दोनच होते टायर. मी ते मनात रोज जुळवलं आणि फोन लावला नाही. मग त्यांच्या पुतण्याचा फोन आला. शेवटपर्यंत जोएलची आठवण काढत होते, असं तो म्हणाला.

नाना निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी दोन नवे टायर घ्यायला गेलो होतो, तेच आठवत राहतं. मी बॉनेटपाशी उभा होतो. नाना पुठ्ठा घेऊन आले आणि माझ्यासमोरच, पुढच्या चाकापाशी बसले. अंगठा खाचेत घातला नाही.

"कुठे बसवू, साहेब?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगाल तिथे."

"मागे," मी म्हणालो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. का, असं ते विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं नाही. पुठ्ठा उचलला आणि मागे गेले.