अंतरपाटावरची दोन नावं

मंडळी, दुपारपासून मन हलकं झालंय, म्हणून लिहितेय.

मी, मंगफला, घरी बसून अंतरपाटावर नावं भरून देते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज टोरांटोहून एका मुलीचा फोन आला. तिथेच वाढलेली. तिचं नाव लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "नवरदेवाचं नाव?"

ती म्हणाली, "नवरदेव नाहीये, मावशी. आम्ही दोघी मुलीच आहोत. दोन ठिकाणी नाही म्हणाले. तुम्हीपण म्हणणार असाल तर प्लीज लगेच सांगा."

अशा लग्नांबद्दल मी फक्त वाचलं होतं. म्हटलं, "मग दोन्ही नावांआधी चि. सौ. कां. भरते. पण बाळा, मी विधवा आहे. काहीजणींना माझ्या हातचं चालत नाही. तुम्हाला चालेल ना?"

ती रडता रडता हसली. "मावशी, मी इतकी घाबरलेय आणि तुम्ही मला विचारताय!"

दोघींनीही हुश्श केलं.

वहीतले 'वर' आणि 'वधू' हे रकाने यांनी आखून दिले होते. आज 'वर' खोडताना वाटलं, हे असते तर पट्टी घेऊन स्वतःच नवीन पान आखायला बसले असते.

तुम्ही समोरच्याला सवयीने काय विचारून बसता?