चढणीला उतरा

माझा थोरला भाऊ गोमा आधी बैलगाडी हाकायचा. तेहतीस साली बैलजोडी विकून तो मोटार चालवायला शिकला, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. खालापूर-कर्जत सर्व्हिस मोटारीवर तिचा मालक धोंडीशेटनं त्याला ठेवला खरा, पण महिन्याभरातच म्हणाला, "गोमा, ही बया लई पेट्रोल पिते. एका डब्यात दोन फेऱ्या झाल्या तर बरं, नायतर दसऱ्याला विकून टाकतो."

मोटार गेली असती तर दादाकडं बैलही नव्हते. माझ्या जिवाला घोर लागला.

दादानं नवीन काय केलं? काय बी नाय! बैलांशी वागायचा तसाच मोटारीशी वागायला लागला. सकाळी उठून आधी चाकांतली हवा बघायची, वंगण घालायचं. मोटार थांबली की इंजन बंद. इंजन पुन्हा चालू करायला हँडल मारताना खांदे निखळायचे, म्हणून बाकीचे ड्रायव्हर इंजन घरघरतच ठेवायचे. समोर गुरं दिसली की हा लांबूनच पेट्रोलच्या पट्टीवरचा पाय काढायचा. आणि चढण आली की, "उतरा रं बाबांनो, चालत या!"

"मोटार हाकतोस का खटारा?" लोक शिव्या घालायचे. सोनुबाई तर भाताच्या गोणीवर ठाण मांडून बसली. दादानं गोणी उतरवली, मग बाई आपसूक उतरली.

आठव्या दिवशी एका डब्यात दोन फेऱ्या होऊनही टाकीत पेट्रोल उरलं. धोंडीशेटनं काठी बुडवून बघितली, नाकाला लावली. "रॉकेल मिसळलंस ना रं?"

दादाचं डोकंच फिरलं. "उद्या माझ्या शेजारी बसा तुमी!"

मी पण मागं बसले. भांडण झालंच तर दोन शब्द माझेही नकोत का?

चढणीखाली सगळे उतरले. शेट बसूनच. दादा मोटार हलवेना.

"उतरा, शेट."

"मी? अरं, मालक हाय मी!"

"म्हूनच. इथं जळतं ते तुमचंच पेट्रोल हाय."

शेट उतरला. धोतर सावरत, घाम पुसत सोनुबाईच्या मागून चढण चढला. वर येऊन मोटारीला टेकला. मला वाटलं, गेली दादाची नोकरी!

"गोमा," शेट धापा टाकत म्हणाला, "रॉकेल नाय, ही तुझी काटकसर हाय. मोटार इकत नाय मी. दुसरी घेतो. तिच्यावरचा ड्रायव्हर तूच तयार कर."

दादा ढसाढसा रडला. एवढा बाप्या माणूस, भर रस्त्यात! मी बी रडले.