हिरव्या डोक्याचा थापट्या

आमचे हे जेवताना एकाएकी म्हणाले, "उमरोळीच्या तळ्यावर हिरव्या डोक्याचं बदक यायचं. चोच कलथ्यासारखी. लहानपणी बघायचो मी."

मुलगा हसला. "बाबा, काल चष्मा फ्रीजमध्ये ठेवलात तुमी!"

यांचं विसरणं वाढलंय, खरं आहे. पण हात धुताना हे मला हळूच म्हणाले, "मीच मनानं रचलं असेन काय गं?" ते मला फार लागलं. ठरवलं, आपण जाऊन बघायचं. यांचे गुडघे बांध चढत नाहीत, माझे चढतात.

दिवाळी उरकली नि मी आणि नात सानिका दुर्बीण घेऊन निघालो. बोईसरहून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणतो, "अम्मा, बतख तो मार्केट में मिलता है."

"वो मरेला रहता है रे, मेरेको जिंदा देखने का!"

तुम्ही जाणार असाल तर उजाडताच पोचा नि मळखाऊ कपडे घाला. मी लाल साडी नेसले, तर बांधाजवळची सगळी पाखरं पार पल्याड गेली! बरोबर तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी होती, म्हणून निवांत बसलो. मग ती हळूहळू परत आली.

काय सांगू! पाणी दिसेना एवढी पाखरं. बर्फाच्या मुलखातून उडत आलेली, आणि आमच्या उमरोळीच्या गाळात जेवायला बसलेली. मी नि गप्प! सानिकाने माझं कपाळ चाचपून पाहिलं.

कलथ्याच्या चोचीची बदकं होती. सानिकाने मोबाईलवर नाव काढलं, थापट्या. पण सगळी तपकिरी.

"आजी, या सगळ्या माद्या हायत. आजोबा चुकले."

तरी मी दुर्बीण सोडली नाही. एकाचा डोळा पिवळाधमक, शेजारणीचा काळपट. मग त्याने पंख झाडले, खांद्यावर निळं! आणि गालावर, अगदी पोपटाच्या पिसाएवढं, हिरवं चमकलं.

"अगं, हा झडलाय! आपला कोंबडा नाय काय, पिसं झडली की कसा दीनवाणा दिसतो? म्हणून काय कोंबडी होतो तो?"

सानिकाने वाचून पाहिलं. खरंच, पावसाळ्यात नराचे रंग झडतात, थंडीत परत चढतात. डोळा तेवढा पिवळाच राहतो.

घरी आलो तर हे दारातच.

"होतं काय हिरवं?"

"अजून नाय. चढतंय."

हे हसले. "मग बरोबर. भर थंडीत वालाच्या शेंगा भाजायचो त्या दिवसांत यायचं ते रंगात. आत्ता कुठलं?"

मुलगा ऐकत होता. म्हणाला, "तेव्हा बाबांना गाडीनं बांधापर्यंत नेऊ."

पाय दोन दिवस ठणकले. तो पिवळा डोळा मात्र अजून माझ्याकडे बघतोय.

सानिकाने काढलेला फोटो बघायला यांनी चष्मा मागितला. मी गुपचूप जाऊन फ्रीज उघडला.