स्वतःच्याच दारावर टकटक

माधवचा फोन आला तेव्हा मी डब्लिनमधल्या, सँडीफोर्डच्या ऑफिसात लिफ्टसमोर उभी होते. "विजूताई, सुमन गेली," एवढंच म्हणाला. मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" त्याची बायको सारखी कुठे ना कुठे निघालेली असायची, म्हणून तोंडातून तेच निघालं. त्याने पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी चहा करताना ओट्याशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. त्रेचाळीस हे काय जायचं वय आहे? सहा आठवडे झाले, अजून माझा राग गेलेला नाही. पण हे लिहायला बसले आहे ते तिच्या आरत्या ओवाळायला नाही. पाच वर्षं तिच्यापासून एक गोष्ट लपवली, ती आता सांगून टाकायची आहे.

ल्यूकनला, डब्लिनच्या एका उपनगरात, आमची घरं समोरासमोर. ती साताऱ्याची, मी नागपूरची. माझ्या रश्श्याला तिने पहिल्याच दिवशी 'जहर' म्हटलं, तिथून मैत्री जमली. ती आली नव्याण्णव साली, नवऱ्यामागून, डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही, आणि बाईच्या पायाला तर भिंगरी. तेवढ्यात डब्लिनहून इटलीची स्वस्त विमानं सुरू झाली आणि हिला वेडच लागलं. रोम नको, व्हेनिस नको. पिसाच्या मनोऱ्याबद्दल म्हणायची, "पडायचा तेव्हा पडेल मेला, मी कशाला बघत बसू?" तिला हवी असायची नकाशात शोधावी लागणारी गावं, आणि तिथल्या जत्रा. तिकडे खेड्याखेड्यात एकेका पदार्थाची जत्रा भरते. एका गावी कांद्याची, एका गावी हरभऱ्यांची. एकदा मला घेऊन गेली ती निघाली बेडकांची, आणि आम्ही दोघी शाकाहारी बायका ब्रेड चावत परत आलो. जाताना मोबाइल मुद्दाम घरी ठेवून जायची. म्हणायची, "फोन नेला की माणूस ल्यूकनलाच राहतो." त्या वाक्याचा तिने पुढे फार पश्चात्ताप केला.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. जेनोआच्या वरच्या डोंगरात एका गावी चेस्टनटची जत्रा होती. चौकात भोकं पाडलेल्या भल्यामोठ्या तव्यांवर ती फळं भाजत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. पण सुमनला जत्रेपेक्षा गल्लीतलं एक दुकान आवडलं. त्यात फक्त पीठ मिळायचं, हरभऱ्याचं आणि चेस्टनटचं. दुकानाची मालकीण ऐंशीच्या पुढची, काळ्या कपड्यातली. सुमनने हातवारे करून, हसून तिला असं काही जिंकलं की म्हातारीने आम्हाला मागच्या खोलीत जेवायलाच बसवलं. परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यातून भट्टीतलं काहीतरी पिवळंधमक आलं. सुमनने तुकडा मोडला आणि ओरडलीच, "अगं विजू, हे तर आईचं धिरडं! फक्त ओवा तेवढा नाही."

म्हातारीने ताटल्या मात्र तीन मांडल्या. आम्हाला वाटलं, तीही बसेल. ती बसली नाही. तिसऱ्या ताटलीत वाढलं, पेल्यात पाणी ओतलं आणि कोपऱ्यात उभी राहिली. हे कोणाचं, असं आम्ही विचारलं तेव्हा तिने सुमनच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे नुसती हनुवटी उडवली. तिची सून थोडं इंग्लिश बोलायची, ती बिचारी ओशाळली. तिने सांगितलं, "सासूबाई म्हाताऱ्या झाल्यात. इकडे नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्यांसाठी पान मांडतात, तेच आता त्या कधीही करतात." मग तिने घरची सगळी रीतच सांगितली. पान वाढायचं, पेला भरायचा, आणि घर मोकळं सोडून सगळ्यांनी दफनभूमीकडे जायचं, म्हणजे आलेल्यांना संकोच नको. परतल्यावर आपल्याच दारावर टकटक करायची आणि जरा थांबायचं. आत जेवणारे असतील, त्यांना उठायला वेळ द्यायचा. मी म्हटलं, "छान, म्हणजे आपल्या सर्वपितरीसारखंच." त्या खुर्चीवरून सुमनची नजर हलेना.

दुसऱ्या दिवशी डब्लिनला उतरलो तर माधव विमानतळावर. तो कधी घ्यायला येत नसे... त्याचा चेहरा बघूनच सुमनने ओळखलं. आई गेली होती. आदल्या दुपारी, आम्ही जेवत होतो त्याच सुमारास. सकाळपासून "सुमीला फोन लावा" म्हणत होती आणि सुमीचा फोन ल्यूकनला ड्रॉवरमध्ये वाजत होता. भावाने तिकडे सगळं केलं. दहाव्याला कावळा दोन तास शिवला नाही, हेही त्या शहाण्याने फोनवर सांगितलं. झालं! सुमनने अन्न टाकलं. "ती माझ्यासाठी अडकलीय गं," एवढंच घोकायची. म्हातारीची ताटल्यांची मोजणी चुकली असेल, असं मी शंभर वेळा सांगितलं. माझाही त्यावर विश्वास होता असं नाही.

दोन नोव्हेंबरला शनिवार होता, दिवाळी तोंडावर. माझा सोऱ्या तुटला म्हणून सुमनचा आणायला गेले. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या आमच्याकडे असायच्या आणि आपल्या लोकांत दार कोण वाजवतं? घरात कोणी नव्हतं. ओट्याखालच्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, सोऱ्या काढला आणि वळले तर टेबलावर एक पान वाढलेलं. गरम धिरडं, ओव्याचा वास, वाटीत उकडलेले हरभरे, पेलाभर पाणी. सकाळपासून मी उपाशी. मला वाटलं, ही बया येईल म्हणून माझ्यासाठीच ठेवलंय... ती रीत डोक्यातून साफ गेली होती, देवाशपथ. बसले आणि सगळं खाल्लं. शेवटचा घास घशात असताना दारावर टकटक झाली. मी सवयीने म्हटलं, "ये गं!"

दार उघडलं नाही. म्हणून मी पॅसेजमध्ये डोकावले. दाराच्या धुरकट काचेपलीकडे सुमन उभी होती. दोन्ही तळवे काचेला टेकवलेले, कपाळही काचेला, आणि खांदे गदगदत होते. ती नदीवरून आली होती. इथे आपलं स्मशान कुठलं, म्हणून लिफीच्या काठाला जाऊन आली होती. काय करून बसले ते तेव्हा मला कळलं. सोऱ्या काखोटीला मारला आणि मागच्या दाराने चोरासारखी पळाले. पाणीसुद्धा प्यायले नव्हते. धिरडं घशात अडकलेलं, घरी जाऊन नळाखाली तोंड धरलं, ते अजून आठवतं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. कितीतरी दिवसांनी केस विंचरलेले. म्हणाली, "विजू, आई येऊन गेली. सगळं जेवली. पाणीसुद्धा प्यायली, पेला रिकामा होता. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, 'ये गं.' मग थोड्या वेळाने म्हणाली, 'रडू नको, आधी चप्पल काढ.'"

'ये गं' माझं होतं. पुढचं माझं नव्हतं. आणि तो पेला...

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिने समोरच्या ताटातली चकली उचलली आणि खाल्ली, मग दुसरी खाल्ली. मी तोंड मिटलं. त्या दिवसापासून सुमन आपल्या घरी दार वाजवल्याशिवाय शिरली नाही. हातात पिशव्या असोत, पाऊस असो, टकटक करायची, क्षणभर थांबायची, मग किल्ली लावायची. शेजारचा आयरिश म्हातारा विचारायचा, "कोणी घरी आहे का?" ती त्याच्याच बोलीत म्हणायची, "ऑल ग्रँड!", म्हणजे सगळं छान. मी तिची थट्टा करायचे. पण तिची टकटक ऐकली की माझं हातातलं काम थांबायचं.

यंदा दोन नोव्हेंबरला मी ऑफिसला दांडी मारली. माधवला सांगून दुपारी त्यांच्या घरी गेले. तो त्याच्या कामाला बाहेर पडला होता. धिरडी केली, ओवा घातला, हरभरे उकडले, पान वाढलं. त्या रिकाम्या खुर्चीला सगळं सांगितलं, मोठ्याने, नाव घेऊन. "सुमे, ते मी खाल्लं होतं." मग नदीवर जाऊन आले. परतून दार वाजवलं. थांबले. आतून काही आवाज नाही. तळवे आपोआप काचेला टेकले गेले...

पान होतं तसंच होतं. पेला मात्र अर्धा होता. मी काठोकाठ भरला होता, असं मला वाटतं.

संध्याकाळी माधव माझ्याकडे चहाला आला, तेव्हा मधे घरी येऊन गेलास का, असं विचारणं अगदी सोपं होतं. मी नाही विचारलं. 'हो, मीच प्यायलो' म्हणाला असता तर? त्याच्या पुढ्यात कप ठेवताना एकदम आठवलं, सुमनच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते हे तिला पक्कं माहीत होतं. सोऱ्या गेलेलाही तिला दिसला असणार. त्या संध्याकाळी त्यातूनच पाडलेल्या चकल्या तिने माझ्यासमोर खाल्ल्या होत्या. पाच वर्षांत तिनेही मला कधी विचारलं नाही.