सात फुटांचं टेबल

माझ्या ताईला कोट कापता यायचा. हे वाक्य मुद्दाम आधी लिहिते, कारण तिच्या पोरांना ते ठाऊकच नाही.

आम्ही दोघी एकाच शिंप्याच्या दुकानात शिकलो. माझी मजल काज-बटणांपुढे गेली नाही. ताईच्या हातात मात्र मास्तरांनी चार वर्षांत मोठी कात्री दिली. कोट कापणं म्हणजे खेळ नव्हे. पुढा, पाठ, बाह्या, सगळे भाग कापडावर एकदम मांडून बघावे लागतात, नाहीतर शिवणीवर चौकडीच्या रेघा जुळत नाहीत. त्याला लांब टेबल लागतं. लग्नानंतर ताईने स्वतःच्या कमाईतून सात फुटांचं टेबल करून घेतलं आणि दोन खोल्यांच्या घरात खिडकीखाली मांडलं. मास्तर म्हणाले होते, तू घरी काप, कोट मी पाठवत जाईन.

पहिला मुलगा झाला. तो टेबलाखाली झोपायचा आणि वर कात्री चालायची. कात्री थांबली की साहेब जागे. याला झोपायलाही कोटच लागतो, असं ताई हसत हसत सांगायची. तेव्हा ती हसायची.

मग मुलगी झाली, दुसरी खाट आली, आणि खाट काही केल्या बसेना. भावोजी माणूस वाईट नाहीत. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पण स्वतःची आरामखुर्ची बाहेर काढावी हे त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही. ते शेजाऱ्याची करवत घेऊन आले. दोन फुटांचा तर प्रश्न आहे, पोरं मोठी झाली की परत जोडू, म्हणाले. टेबल हलू नये म्हणून दुसरं टोक मी धरलं, अंगाचा भार टाकून धरलं. ताई भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. ती बोलली नाही, आणि आम्ही तो होकार समजलो.

पाच फुटांवर कोट मांडता येत नाही. मास्तर सदरे पाठवायला लागले. कापलेला तुकडा भावोजींनी दाराशी ठोकला, चपला ठेवायला.

तिसरा आला तेव्हा आणखी दीड फूट गेलं. मास्तरांनी तरी किती दिवस कळ काढायची? त्यांनी दुसरा कापणारा ठेवला. ताईकडे आता गल्लीतले लोक पँटची उंची कमी करायला नाहीतर चेन बदलायला येतात. उरलेल्या टेबलावर तिन्ही पोरांनी अभ्यास केला, शाई सांडली, भांडणं केली. पोरांवर तिचा जीव आहे. त्यामुळे राग कुणावर काढावा हेच मला कळत नाही, आणि मग मी तो भावोजींच्या खुर्चीवर काढते. खुर्ची अजून तिथेच आहे.

गेल्या महिन्यात थोरल्याचं लग्न ठरलं. तो मोठ्या दुकानातून तयार कोट घेऊन आला. मी तिथेच होते.

"आई, बाह्या जरा लांब आहेत. तेवढ्याच आखूड कर," तो म्हणाला. "बाकी कशाला हात लावू नकोस. कोटाचं काम आहे, बिघडेल."

मी तोंड उघडलं, तोच टेबलाखाली ताईने माझा पाय दाबला. गप्प बसायची मला चांगली सवय आहे.

ताईने कोट उलटा केला. पाठीच्या शिवणीवर चौकडी जुळलेली नव्हती, चांगली बोटभर सरकली होती. तिने त्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"जमेल ना तुला?" मुलाने विचारलं.

"बघते," ती म्हणाली.

तिने कोट टेबलावर पसरला. तो मावला नाही. एक बाही कडेवरून खाली लोंबत राहिली.

"अगं, ते टोक धर जरा," ताई मला म्हणाली.

मी धरलं.